श्रीमंतांच्या घाटस्वारीची व मागल्या चाकाची हकीकत

॥ श्री ॥ ज्याने चढण निर्मिली आणि उतार निर्मिण्यासही विसरला नाही, त्यास नमन करोन मजकूर लिहितो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, कार्तिक वद्य पंचमी, रविवार, ते दिवशीचे वर्तमान ऐसे जे, एका राज्यात श्रीमंत रवींद्रराव पेंढरकर म्हणोन थोर सायकलस्वार होते, त्यांजपुढे डोंगर आपण होऊन माना लववीत ऐसी कीर्ती चहूंकडे होती, आणि त्या श्रीमंतांस भाद्रपद मासी एका डासाने पाडिले. डास कुंडीखालच्या ताटलीत छावणी करोन होता. मग श्रीमंतांस डेंगी जाहला, सलाईन लागले, प्लेटलेट धडाधड उतरल्या, आणि सोयरेधायरे पपईच्या पानांचा रस घेऊन इतके आले की डासाहून रसाचेच भय अधिक वाटो लागले.

दोन महिने लोटले आणि श्रीमंतांनी घाटाची मोहीम मनात आणिली. त्या राज्यात स्वारांच्या दोन तुकड्या होत्या, एक घाटाची, दुसरी मिसळीची. आणि चढणीवर ज्याचा पाय जमिनीस टेकला तो तत्क्षणी घाटाच्या तुकडीतून उठला आणि मिसळीच्या तुकडीत बसला, ऐसा दंडक होता, त्यास अपील नव्हते. श्रीमंत तेरा वर्षे घाटाच्या तुकडीत होते. ते समयी राणीसाहेब शैलजाबाई बोलिल्या, "अहो, हल्ली जिना चढताना मध्येच थांबून लोकांच्या दारावरच्या पाट्या वाचता. घाटात काय वाचणार?"

"घाटात पण असतात की. 'वाहने सावकाश चालवा.'"

मग पहाटे कूच जाहले. सोबतीस सरदार बशीर मुजावर होते, जे श्रीमंतांस डोंगराइतकेच जुने. श्रीमंतांस भय नव्हते, कुतूहल फार होते: ताकद गेली ती नेमकी कोठून गेली, पायांतून की छातीतून, आणि गेली तर कोठे जाऊन राहिली? पहिल्या वळणावर सायकल जड लागली, म्हणोन श्रीमंतांनी मांड्यांची चौकशी केली, तो मांड्या दुखत होत्या परंतु हुकूम ऐकत होत्या. दुसऱ्या वळणावर छातीची केली, तो छाती धापत होती, परंतु ती पूर्वीही धापेच. मध्ये थोडी सपाटी लागली, तेथे पाय थांबविताच सायकलही थांबो लागली, तेव्हा आजार हाडांपर्यंत उतरला ऐसे श्रीमंतांनी मनात नोंदिले आणि त्यांस विस्मय वाटला.

"राव, घाट चढताय का पंचनामा करताय?" बशीर पुढून वळोन बोलिले.

"थांब जरा, गुडघ्याची जबानी चाललीय."

चौथ्या वळणावर उजवा पाय पेडलवरून सुटला आणि डांबरापासून चार बोटे वर येऊन लोंबकळो लागला. तेरा वर्षे त्या चार बोटांत आली. श्रीमंत त्याजकडे पाहात राहिले, आता हा काय करतो म्हणोन, आणि पाय काय समजला कोण जाणे, परत पेडलवर गेला आणि मग घाट सर जाहला. वरती बशीरांनी श्रीमंतांची सायकल कठड्यास लाविताना मागले चाक सहज फिरविले, तो ते अर्धा फेराही न घेता उभे राहिले.

"राव, तुम्ही ब्रेक लावून आलात."

"कुठून?"

"घरापासून."

शोध करिता ऐसे निघाले की, पहाटे सायकल लिफ्टमध्ये मावावी म्हणोन श्रीमंतांनी चाक स्वहस्ते काढिले होते आणि खाली येऊन स्वहस्तेच वाकडे बसविले होते, आणि ब्रेकचे रबर अठरा किलोमीटर चाकास घासत आले होते. हे ऐकोन श्रीमंतांस जो आनंद जाहला तो वर्णवत नाही. मांड्या निर्दोष सुटल्या, छाती सुटली, हाडे सुटली, आणि ब्रेक लावून घाट चढणारा पुरुष या राज्यात दुसरा नाही ऐसा निरोप फोनवरून तमाम तुकड्यांस गेला. घरी येऊन श्रीमंत म्हणाले, "आजाराचा काही संबंधच नव्हता, शैला. रबर होतं."

"म्हणजे तुम्ही बरे झालात, का तुम्हाला काही झालंच नव्हतं?" राणीसाहेबांनी भाजी निवडता निवडता पुसिले.

"पुढच्या रविवारी कळेल."

पुढला रविवार उगवला. चाक बशीरांनी आपले हाते बसविले, ब्रेक तपासिला, हवा भरिली, आणि मिसळीच्या तुकडीतील काही मंडळीही सोहळा पाहावयास मोटारीने घाटमाथ्यावर जाऊन बसली. तिसऱ्या वळणावर श्रीमंतांचा पाय टेकला. खड्डा नव्हता, ट्रक आडवा आला नव्हता, वारा पाठीशी होता. पाय गेला आणि टेकला. श्रीमंत त्याजकडे पाहात उभे राहिले, आणि बशीर उतरोन मागे आले आणि खाली बघोन बोलिले, "राव, ब्रेक असेल."

मग श्रीमंतांनी सायकल उचलिली आणि चाक फिरविले. ते पुष्कळ वेळ फिरत राहिले, आणि उभयतां ते थांबेपर्यंत पाहात राहिले.

"नाही रे," श्रीमंत म्हणाले.

एवंच, मोहिमा दोन जाहल्या. पहिलीस ब्रेक घासत होता, दुसरीस घासत नव्हता.