मास्तरांच्या गाडीला अक्कल येते

"आता बघाच काकू! चढावर गाडी हरणासारखी जाईल!" गाडी शिकवणारे मास्तर छाती फुगवून म्हणाले.

त्यांची गाडी चढ दिसला की दम्याच्या पेशंटसारखी धापा टाकायची. शिवणकाम करणाऱ्या काकू लायसन्सच्या परीक्षेत तीनदा नापास झाल्या होत्या. तिन्ही वेळा गाडी चढावरून मागे घरंगळली होती! चौथ्या खेपेला मास्तरांचीच अब्रू पणाला लागली. म्हणून त्यांनी आदल्या दिवशी इंजिनाच्या कॉम्प्युटरची चिप बदलून घेतली.

"ताकद वाढलीय, मास्तर. पाय जपून ठेवा," मेकॅनिकने बजावलं.

"अरे, वीस वर्षं मी लोकांना पाय ठेवायलाच शिकवतोय!"

काकूंना मात्र हे पायाचं सांगायचं राहूनच गेलं.

परीक्षा घेणारे साहेब काकूंच्या शेजारी बसले, मास्तर मागे. ॲक्सिलरेटर तळाला टेकवल्याशिवाय गाडी हलत नाही, हा काकूंचा जुना अनुभव. त्यांनी शिलाई मशीनचं पायडल दाबावं तसा तो दणकन दाबला.

गाडी सुटली! चढ कधी आला, कधी संपला, कळलंच नाही. साहेबांचे कागद खिडकीतून भुर्रकन उडाले. त्यांच्या पायाशीही एक ब्रेक होता. पण त्यांचे दोन्ही पाय हवेत होते!

"काकू, ब्रेक!" मास्तर किंचाळले.

काकूंनी ब्रेक मारला. जिथे थांबायचं त्या पांढऱ्या रेघेच्या वीतभर अलीकडे गाडी गपकन थांबली.

"साहेब, पाचव्यांदा कधी येऊ?" काकूंनी रडवेल्या आवाजात विचारलं.

"कशाला? गाडी मागे आली नाही, रेघही ओलांडली नाही. पास!" साहेब घाम पुसत उतरले. "पण मास्तर, ही गाडी आहे की तोफ?"

"चिप बसवलीय, साहेब! फक्त सरावाचा हात हवा. थांबा, दाखवतोच!"

काकूंनी घाईघाईने जागा रिकामी केली. मास्तर ऐटीत बसले आणि त्यांनी पाय नुसता टेकवला. प्लास्टिकचे तीन खांब आडवे करत गाडी थेट मेंदीच्या कुंपणात घुसली!

मास्तर केसांतली पानं झटकत बाहेर आले. साहेब शांतपणे म्हणाले, "गाडीची ताकद वाढलीय खरी. तुम्ही मंगळवारी परीक्षेला या."

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. काकूंना त्यांची दया आली.

"मनाला लावून घेऊ नका हो, मास्तर," त्या म्हणाल्या. "पहिल्या खेपेला कोण पास होतं?"