नांगरमोड्यांची भाऊकी

शेलूबाजारात नांगरमोडे हे एकच घर, आणि जगदेवला त्याचा भारी माज. स्वतःच्या वावरात त्यानं कधी नाव काढलं नाही. पण कुठं लांब नांगरमोडे वेस आहे, नांगरमोड्यांची बारव आहे, साऱ्या वऱ्हाडाला ठाऊक असलेला शालिग्राम पहेलवान नांगरमोडे आहे. ते सगळं याच्या घरचं. "पहेलवान आमच्या भाऊकीतला," असं तो चहाच्या हॉटेलात रोज सांगायचा. पहेलवानाला त्यानं एकदाच पाहिलं होतं, तेही कुस्तीच्या फडाबाहेर बाभळीवर चढून. मानोऱ्याच्या उकंडरावानं आपल्या पोरासाठी जगदेवची पोरगी मागितली, ती याच भरवशावर.

बाहत्तरचा दुष्काळ सरला आणि लग्न निघालं. वऱ्हाड उतरलं, तेवढ्यात जीपवाला धरमसिंग बातमी घेऊन आला. पहेलवान गेला. त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं : खांद्यांवर खाट, वर पहेलवान आडवा, हार, गुलाल, मागं सारं गाव.

उकंडराव म्हणाला, भाऊकीत मयत म्हणजे सुतक; लग्न लागणार नाही.

जगदेवला खरोखर रडू फुटलं. माणसावर त्याचं प्रेम खरं होतं, नातं तेवढं खोटं.

बायको प्रयागबाई कानाशी आली. "मंग रडसान. पयले खरं बोला. पोरगी बाशिंग बांधून बसेल हाये."

जगदेव मधोमध उभा राहिला. "थो आमचा कोनी नाही लागत. निस्तं आडनाव एक."

"मंग सोयरीक म्या कोनाकडं पाहून केली?" उकंडराव म्हणाला. "तुह्याकडं?"

त्यानं वऱ्हाडाला माघारी चढायला सांगितलं. तोच दुसरी जीप थांबली आणि दोघांच्या खांद्यांवर हात टाकून शालिग्राम पहेलवान उतरला. पायाला प्लास्टर. मोडल्या पायानं त्यानं कुस्ती मारली होती, म्हणून गावानं खाटेवर मिरवला होता. हातात जगदेवनं पाठवलेली पत्रिका.

"जगदेव नांगरमोडे कोन? मले काय लागता तुमी?"

आता भाऊ म्हटलं असतं तर सगळं साधलं असतं. जगदेवनं मान खाली घातली. "कोनी नाही, पहेलवान."

पहेलवान हसला. "गावोगाव माहे भाऊ निंगून राह्यले. नाही म्हननारा तूच पयला. चाल, लाव लग्न."

उकंडरावानंच खुर्ची पुढं केली, पहेलवानानं घेतली नाही. अक्षता संपेपर्यंत तो माणूस एका पायावर उभा होता.

तेव्हापासून मानोऱ्यात उकंडराव सांगत फिरतो, पहेलवान आमच्या व्याह्यायचा सख्खा चुलतभाऊ. जगदेव शपथेवर नाही म्हणतो. लोक मान डोलावतात : मोठ्या घरची माणसं अशीच, बढाई म्हणून नाही.