लंडन पास, रोम नापास

लटारूजी मेश्रामांनी रोम शहराला नापास केलं, तेव्हा मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो.

रोममध्ये काय काय पाहावं याची यादी मी त्यांना स्क्रीनवरून वाचून दाखवत होतो. यादीत एक ठिकाण असं होतं, की जिथं नुसत्या पायऱ्या होत्या. शंभराच्या वर. जगभरातून लोक येतात, त्या पायऱ्यांवर बसतात, फोटो काढतात आणि जातात.

"वरतं काय आहे?" लटारूजींनी विचारलं.

"वर चर्च आहे. पण लोक पायऱ्याच पाहायला येतात, काकाजी."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला आणि स्क्रीनकडं नीट पाहिलं. "पायऱ्याच पाहाले? यडे झाले का बापा?" असं म्हणून त्यांनी रजिस्टर उघडलं आणि रोमच्या पुढं शाईच्या पेनानं ठळक लिहिलं : नापास. अडीच हजार वर्षांच्या शहराचा निकाल अर्जुनी मोरगावच्या बसस्टँडसमोर, माझ्या झेरॉक्सच्या दुकानात असा लागला.

ही गोष्ट दोन हजार सहा-सातच्या सुमाराची. झेरॉक्सच्या मशीनशेजारी मी दोन कॉम्प्युटर टाकून 'इंटरनेट' अशी पाटी लावली होती. मला इंग्रजी येतं असा गावाचा समज होता आणि तो मोडायचं मला काही कारण नव्हतं. पोरं निकाल पाहायला येत, बेरोजगार फॉर्म भरायला येत. आणि दर आठवड्याला, बाजाराच्या दिवशी, केशोरीच्या बसनं लटारूजी येत. काखेत रजिस्टर, हातात रिकामी थैली. थैली बाजारासाठी आणि रजिस्टर जगासाठी. त्यातही आधी जग, मग वांगी.

लटारूजी पाटबंधारे खात्यातून मोजणीदार म्हणून निवृत्त झाले होते. इटियाडोह धरणाचं पाणी कालव्यातून कुणाच्या धानाला किती गेलं, ते बांधाबांधानं फिरून मोजायचं आणि लिहायचं, हे त्यांचं काम. तीस वर्षं माणूस चिखलातून पावलं मोजत फिरला. नोकरी सुटली, मोजणी सुटली नाही. माझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा, "बसस्टँडापासून तुह्यं दुकान एकसष्ट पावलं आहे," असं सांगूनच आत आले. जणू मला ते माहीत नसल्यामुळं माझं अडलं होतं.

रजिस्टर खात्याचंच, जुनं, कोऱ्या पानांचं. त्यात त्यांनी पट्टीनं रकाने आखले होते : शहर, ठिकाण, पायऱ्या, टेकाले जागा, शेरा. बस. ठिकाण कुणी बांधलं, कधी बांधलं, त्यात कोण राजा राहत होता, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. मी एखाद्या राजवाड्याचा इतिहास वाचायला लागलो की ते हात वर करत. "राजा मेला ना? मंग राहू दे. पायऱ्या सांग."

शेरे तीनच. पास, नापास आणि 'खालून पाहावे'.

न्यूयॉर्कच्या समुद्रातल्या त्या पुतळ्याच्या मुकुटापर्यंत साडेतीनशेच्या वर पायऱ्या आहेत हे ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "बाई एवढ्या वरतं काऊन जाऊन उभी राह्यली?" शेरा : खालून पाहावे. लंडनचं मोठं घड्याळ, खालून पाहावे. "घड्याळ खालूनच पाहाचं असते, बाबू. वरतं जाऊन का काटे फिरवाचे आहेत?" व्हेनिस नावाचं शहर पाण्यात आहे आणि दर पुलाला पायऱ्या आहेत हे कळल्यावर तर त्यांच्यातला पाटबंधारे खात्याचा माणूस जागा झाला. "पाटाचं पानी घरात घुसून राह्यलं आन् लोक फोटू काढून राह्यले? तेथला इंजिनेर कोठं आहे?" व्हेनिस नापास झालंच, वर इंजिनियरची बदली व्हायला पाहिजे असंही त्यांचं मत पडलं.

पॅरिसच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे म्हटल्यावर मला वाटलं आता तरी माणूस खूश होईल.

"आन् लाइट गेली तं?"

"काकाजी, पॅरिसमध्ये लाइट जात नाही."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मी आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलताना सापडलो होतो. आणि त्याच क्षणाला, देवाशपथ सांगतो, माझ्या दुकानाची लाइट गेली. लोडशेडिंगची वेळ झाली होती. अंधारात त्यांचा समाधानी आवाज आला, "पाह्यला?" त्या रजिस्टरात आजही लिहिलेलं असेल : पॅरिस, पास. लाइट असल्यास.

हळूहळू त्यांची कीर्ती झाली. गोंदियाच्या एका राइस मिलवाल्या शेठचा मुलगा लंडनला निघाला होता. शेठ काही कागदाच्या झेरॉक्स काढायला माझ्याकडं थांबले, तर लटारूजींनी त्यांना गाठलंच. कुठल्या म्युझियममध्ये पुढच्या दारानं जाऊ नये, मागं उतार आहे, आत टेकायला बाकं आहेत, बागेत तर खुर्च्याच खुर्च्या आहेत, असं दहा मिनिटं सांगितलं. शेठ चाट पडले. "काका, आप लंडन कब गए थे?"

"मी कायले जाऊ?" लटारूजी म्हणाले. "पन पास आहे."

आता माझ्याबद्दलही थोडं सांगितलं पाहिजे. प्रेक्षणीय स्थळांची माहिती लिहिणारे लोक पायऱ्यांची संख्या देत नाहीत. ते सूर्यास्ताबद्दल लिहितात. आणि लटारूजी आकडा मिळाल्याशिवाय उठत नसत. बाहेर पोरांची रांग, आत हे. तेव्हा मी आकडे ठोकून द्यायला लागलो. राणीचा राजवाडा? चार पायऱ्या. टोकियोचं देऊळ? नऊ. सिंगापूर? सपाट. माझा आकडा आला की ते शांतपणे लिहीत, वर शाई वाळेपर्यंत फुंकर घालत. मला मजा वाटायची. संध्याकाळी मित्रांना सांगायचो, आज आपण इस्तंबूलला सात पायऱ्या बांधल्या. सगळे हसायचे. अर्ध्या जगाची बांधकामं मी त्या खुर्चीवर बसून केली आहेत.

मग एका बाजाराच्या दिवशी, निकालाची गर्दी असताना, ते आले आणि म्हणाले, "बाबू, आज मुंबई काढ."

"मुंबई? तुम्ही तर फॉरेनवाले."

"जाचं आहे. मी आन् आमची बुढी. परवा गोंदियावरून गाडी आहे."

माझ्याभोवती आठ पोरं उभी होती. त्यातली दोन रडत होती. मी पान उघडलं, वाचत गेलो. समुद्राकाठचा मोठा दरवाजा, रात्रीच्या दिव्यांचा राणीचा हार, संग्रहालय. चैत्यभूमी आली तेव्हा त्यांनी मला थांबवलं. "तेथचं इचारू नको. तेथं रांगत जाऊ." मग घारापुरीची लेणी आली. समुद्रातून नावेनं जायचं, एक तास.

"नाव?" लटारूजी खुर्चीत पुढं सरकले. "तिले नावेत बसाचं आहे. मोठं पानी पाहाचं आहे. पायऱ्या किती?"

खाली कुठंतरी लिहिलेलं असावं. पण पान सरकवायला वेळ कुणाला होता?

"वीस," मी म्हणालो.

त्यांनी लिहिलं. फुंकर घातली. आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आपण होऊन बोलले.

"वीस जमतेत तिले. डावा पाय लहानपनापासूनच अधू आहे ना. घराच्या तीन, विहाराच्या अकरा चढते. मागच्या साली बहिनीच्या घरी अठरा चढली, धरलं नाही कोनी. वीस चढन." ते रजिस्टर मिटता मिटता हसले. "घरी क्यालेंडर आहे, बारा महिन्याचे बारा शहरं. बसल्या बसल्या पाहात राह्यते. मंग इचारते, येथं मले जाता येईन का? मोजल्याबिगर कसं सांगू? मी इटियाडोहवर एवढी नोकरी केली, पन तिनं धरनाचं पानी वरून पाह्यलं नाही. तेथं पायऱ्या लय आहेत."

आणि थैली उचलून ते वांगी घ्यायला गेले.

गर्दी ओसरल्यावर मी पान खाली सरकवलं. एकशेवीस.

मला त्यांना गाठता आलं असतं. त्यांच्या घरी फोन नव्हता हे खरं, पण माझ्याकडं मोटरसायकल होती आणि केशोरीचा रस्ता मला पाठ होता. मी गेलो नाही. गेलो असतो तर एकच आकडा नव्हे, सगळंच सांगावं लागलं असतं; लंडन, टोकियो, सिंगापूर. तो माणूस दर आठवड्याला घरी जाऊन बायकोला सांगत होता, की इथं तू जाऊ शकतेस, तिथं तू जाऊ शकतेस. आणि ते सगळं मी बांधलं होतं. मला स्वतःची लाज वाटली आणि लाज वाटली म्हणून मी घरीच बसलो. अशी लाज काय कामाची, हे मला तेव्हाही कळत होतं.

पुढचा बाजार गेला. लटारूजी आले नाहीत. त्याच्या पुढच्या बाजारी केशोरीची बस आली आणि काखेत रजिस्टर घेतलेली आकृती मला काचेतून दिसली. झेरॉक्सच्या मशीनमागं लपता येईल का, हे मी मनातल्या मनात मोजून पाहिलं.

ते येऊन नेहमीच्या खुर्चीवर बसले. रजिस्टर उघडलं.

"बाबू, त्या पानावर चूक आहे."

मी मशीनवरचे कागद सारखे करायला लागलो.

"वीस नाई. एकशेवीस आहेत. मी सोता मोजलो." मग त्यांनी सगळं क्रमानं सांगितलं. खात्यातली सवय. नाव बढिया होती. चढताना दोन खलाशांनी बुढीला धरलं, पण बसल्यावर तिनं तासभर तोंड मिटलं नाही. पानी, पानी, म्हणत राहिली. उतरल्यावर लहानशी रेल्वे होती, तिच्यात बसले. मग पायऱ्या. बुढी एकेक मोजत चढली, मोठ्यानं.

"वीसावर थांबली. म्हनते, आली काय जी? मी वरतं पाह्यलो, बाबू."

दुकानात झेरॉक्स मशीन चालू होतं. मी ते बंद केलं.

"मंग?"

"मंग काय? तेथं खुर्चीत बसवून नेनारे लोक आहेत, चार जन उचलतेत. मी म्हनलो, बस. तं चिडली ना. म्हनते, मी का मुर्दा आहो का, चार जनाच्या खांद्यावर जायले? तेथंच वीसाव्या पायरीवर बसली. म्हनते, माह्या वीस झाल्या. तुमी मोजून या. आकडा चुकीचा राहाले नाई पाह्यजे."

"मग तुम्ही वर गेलात. लेणी कशी आहेत?"

"कोनाले मालूम?"

"म्हणजे?"

"एकशेवीस झाल्या न् मागं फिरलो. बुढी एकटी होती ना खाली. माकडं आहेत तेथं." मग म्हणाले, "आलो तं पोटलीतला चिवडा माकडानं नेला होता आन् हे हासत बसली होती. तेथूनबी पानी दिसते, म्हने. झाडातून."

मी म्हणालो, "काकाजी, ते वीस... ते मी..."

"तू काय करशीन? जे लिवलं राह्यते ते वाचतेस." त्यांनी हातानं विषय बाजूला सारला. "ज्यानं लिवलं त्याची चूक आहे. त्याले चिठ्ठी लिवाची. कम्प्युटरातून जाते ना? मी सांगतो, तू लिव."

आणि मी लिहिलं. पाठ ताठ करून, डोळे मिटून, मोठ्या साहेबाला अहवाल सांगावा तसं ते सांगत गेले.

"महोदय. घारापुरीच्या पायऱ्या तुमी वीस सांगितल्या. त्या एकशेवीस आहेत, मी सोता मोजल्या आहेत. वीसाव्या पायरीवर टेकाले जागा आहे, सावली आहे. तुमी सोता गेले नसान, आमाला समजते. घरी बसून आकडा लिवाले सोपं राह्यते. पन वाचनारा माणूस खरं समजते. तो कोनाले तरी घरी जाऊन सांगते. तवा जे मालूम नाही तेथं 'मालूम नाही' लिवाचं. त्यात लाज नाही. आमची तक्रार नाही, नावेत बसनं झालं. पन दुसऱ्याची बुढी असन, तिचं मन मोठं नसलं तं? आपला, लटारू मेश्राम, मोजणीदार, निवृत्त."

माझं टायपिंग कधी नव्हे इतकं हळू चाललं होतं. शेवटच्या ओळीनंतर त्यांनी डोळे उघडले. "झालं? धाड."

मी एक कळ दाबली. कुठलीही.

"पोचली का?"

"पोचली, काकाजी."

"ज्यानं लिवलं त्यालेच पोचली ना?"

"हो. त्यालाच."

त्यांचं समाधान झालं. रजिस्टरात घारापुरीपुढचा वीस त्यांनी एका रेघेनं खोडला, वर एकशेवीस लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात पेन टेकवून जरा विचार केला. नापास लिहितील असं मला वाटलं. त्यांनी लिहिलं : खालून पाहिले. दोघांनी.

शाईवर फुंकर घातली, पान उलटलं आणि म्हणाले, "आता लंडन पुन्यांदा काढ. तिले एकदा पक्कं करून पाह्यजे. राजवाड्याच्या चार पायऱ्या म्हनला होतास ना?"

"मालूम नाही, काकाजी," मी म्हणालो.