हवालदार भोईरांची चौकशी

चंद्राचा साखरपुडा रविवारवर आला होता आणि तिच्या आईनं, सरला भोईरनं, घरातल्या रेडिओचे सेल काढून तांदळाच्या डब्यात पुरले होते. कारण साधं होतं. नवरा सुट्टीवर आला होता.

माधव भोईर लष्कराच्या वैद्यकीय दलात हवालदार. कुठे पूर आला, वादळ झालं, की त्याची तुकडी औषधांच्या पेट्या घेऊन पुढे. मागच्या वर्षी तो गणपतीच्या सुट्टीवर होता. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओनं किल्लारीच्या भूकंपाची बातमी दिली आणि बोलावणं यायच्या आधीच हा ट्रंक भरून दारात उभा. चंद्राच्या बारशाला तो आसामच्या पुरात होता, सासऱ्यांच्या तेराव्याला आंध्रातल्या वादळात. सरलाचा नवऱ्यावर विश्वास होता; बातम्या ऐकलेल्या नवऱ्यावर नव्हता.

तिनं पेपरवाल्याला सांगून पेपर बंद केला. मग गल्लीला ताकीद दिली, "ह्यांच्यासमोर पाऊस, पाणी, आग, काही काढायचं नाही. एवढा रविवार पार पडू दे."

गल्लीनं हे काम फारच मनावर घेतलं. माधव नळावर आला की बायका गप्प. पानाच्या गादीवर गेला की गप्पा सुपारीवर. शेजारच्या हारूनभाईंकडे कापड विणायचे चार लूम होते आणि टीव्ही होता. माधव तिकडे डोकावला.

"काय हारूनभाई, काय खबर?"

"खबर? खबर कुठली, भाऊ? सगळं ठीक हाय. एकदम ठीक." हारूननं उडी मारून टीव्ही बंद केला. "लाईट गेली."

माधवनं वर पाहिलं. पंखा गरगर फिरत होता, आणि बाजूच्या खोलीत लूमही खडखडत होते.

छावणीत डॉक्टर आल्यावर माणसं अशी गप्प झाली, तर कुठल्यातरी तंबूत पेशंट लपवलाय असं समजायचं, हा माधवचा इतक्या वर्षांचा अनुभव. मग इथला पेशंट कोण? घरात नवीन येणारा माणूस एकच, होणारा जावई. म्हणजे मुलात काहीतरी खोट आहे, ती अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे आणि मुलीच्या बापाला कोणी सांगत नाही. पोरीच्या एकाही प्रसंगाला आपण नव्हतो. आता निदान तिला फसू तरी द्यायचं नाही, असं ठरवून तो कोणाला न सांगता धामणकर नाक्यावर जाऊन मुलाच्या गावी, वळला जाणाऱ्या रिक्षात बसला.

वळला व्याही चिंधू पाटील ओटीवर चहा पीत होते. माधवनं प्रस्तावना केली नाही.

"मला सगळं कळलंय. मुलाबद्दल."

चिंधूंची बशी कलंडली. आतून ठमाबाई बाहेर आल्या आणि नवऱ्यावर घसरल्या. "मी म्हनत व्हते ना, लपवू नका? आता घ्या."

"आमी सांगनारच व्हतो, व्याही," चिंधू म्हणाले, "साखरपुडा झाल्याव."

म्हणजे खोट होतीच. तेवढ्यात मुलगा, केसरीनाथ, बाहेर आला आणि त्याच्यासमोर ताठ उभा राहिला.

"मामा, मी भरती झालोय. मेडिकलमदी. तुमच्याकडं बघूनच."

"लष्करात?"

"हां. पुढल्या म्हयन्यात ट्रेनिंग."

"मग नाही जमायचं," माधव म्हणाला.

"आसं काय करता? तुमी सोता..."

"म्हणूनच सांगतो. बारशाला हा नसणार. पोर तापलं की ती एकटी कडेवर घेऊन रिक्षा शोधणार. रेशनला ती, शाळेत ती, मयताला ती. सण आला की हा कुठल्यातरी पुरात लोकांची पोरं वाचवणार, आणि ह्याची पोर ह्याला बघून आईच्या पदरामागे लपणार. माझ्या मुलीच्या वाट्याला हे नको."

"पुढे?" दारातून आवाज आला.

दारात सरला उभी होती. माधवला वळच्या रिक्षात बसताना हारूननं पाहिलं होतं; त्यानं येऊन सांगितलं, तेव्हा तिला वेगळाच संशय आला. ह्यांना कुठलीतरी बातमी लागली, आणि हे साखरपुडा पुढे ढकलायला गेले. ती तशीच मागच्या रिक्षानं निघाली होती.

"तूच सांग ह्यांना, सरला," माधव म्हणाला. "तुला सगळं माहीत आहे."

"मला आहेच. तुम्हालाही आहे, हे आज कळलं."

तिचे डोळे भरून आले. रागही आला आणि बरंही वाटलं. पदरानं चेहरा पुसून ती केसरीनाथकडे वळली.

"चंद्राला सांगितलंस?"

"तिला पयल्यापासून म्हायती हाय. तीच म्हनली, बाबांना सांगू नको. ते मोडता घालतील."

माधव मटकन ओटीवर बसला.

"रविवारी या," सरला ठमाबाईंना म्हणाली. "दहा वाजता."

परतीच्या रिक्षात दोघंच होती. माधव म्हणाला, "तू कसं निभावलंस गं एवढं?"

सरलानं त्याच्याकडे संशयानं पाहिलं. "कशाला विचारताय? कुठे निघालाय?"

"कुठे नाही. ऐकायचंय."

तिनं त्याचा चेहरा नीट न्याहाळला. खोटं दिसत नव्हतं. मग तिनं सुरुवातीपासून सांगायला घेतलं. धामणकर नाका आला, तेव्हा गोष्टीतल्या चंद्राला नुकता पहिला दात येत होता.

"उतरो भाई, नाका आ गया," रिक्षावाला म्हणाला.

"वापस वळ ले चलो," माधव म्हणाला.