हेमलताबाईंचे जिवाणू

जयसिंगपूरच्या हेमलता मगदूम यांच्या आतड्यातल्या जिवाणूंनी त्यांच्या धाकट्या जावेकडे राहायला जायचं ठरवलं, आणि तसं दुपारच्या जेवणानंतर हेमलताबाईंना कळवलं.

"का म्हणून?" हेमलताबाईंनी पोटाकडे बघत विचारलं.

"भाताच्या एकेका शितातलं उरलंसुरलं बळ काढून आम्ही तुमच्या अंगी लावतो," आतून शांतपणे उत्तर आलं. "काही वाया घालवत नाही. तरी तुम्ही ऊठसूट शर्वाणीबाईंच्या कमरेचं नाव काढता. ऐकून कान किटले."

खोटं नव्हतं ते. दोघी जावा एकाच पातेल्यातलं जेवायच्या. शर्वाणी वर तुपाची धार घ्यायची आणि तरी शेवग्याच्या शेंगेसारखी राहायची. हेमलताबाईंची साखर नुसत्या वासानं चढायची. शर्वाणीला लग्नातला ब्लाउज अजून बसतो, हे त्यांना बघवत नसे.

"खुशाल जा," त्या म्हणाल्या. "पण तिचे इकडे पाठवा."

शर्वाणीची काही हरकत नव्हती. "येऊ देत की, अक्का. माझे तर दिवसभर लोळत पडलेले असतात."

दोघींनी एका वाटीतलं दही खाल्लं आणि अदलाबदल झाली.

दिवाळीपर्यंत हेमलताबाई निम्म्या झाल्या. डॉक्टरांनी साखरेची गोळी बंद केली. शर्वाणीनं सगळे ब्लाउज उसवून घेतले. हेमलताबाईंनी ते डोळे भरून पाहिलं.

मग जेवताना शर्वाणीच्या पोटातून गुणगुण ऐकू यायला लागली. शर्वाणी त्या जिवाणूंसाठी मुद्दाम मेथी खायची, मोडाची मटकी खायची आणि विचारायची, "पोट भरलं का रे बाळांनो?" ते सगळे एका सुरात "भरलं" म्हणायचे.

"इतकी वर्षं माझ्याकडे होते," हेमलताबाई म्हणाल्या, "कधी गायले नाहीत."

"होय? मला वाटलं, पहिल्यापासून गात असतील."

एकदा न राहवून हेमलताबाई जावेच्या पोटाशी वाकल्या. "बरे आहात ना? मला ओळखलंत का?"

गुणगुण थांबली.

"शर्वाणीबाई, आम्ही जेवतोय. यांना नंतर यायला सांगा."

शर्वाणी ओशाळली. हेमलताबाई आपल्या पाटावर येऊन बसल्या. त्यांनी आणखी एक भाकरी वाढून घेतली, सावकाश चावून खाल्ली आणि कान देऊन ऐकलं.

आतून कुणी काही बोललं नाही.