भाऊकाका आणि निळा व्हॉल्व्ह

रस्त्यावरून टर्बोची गाडी गेली की भाऊकाका उजवा हात वर करायचे. हात वर गेला की घरातल्यांनी बोलणं थांबवायचं, असा नियमच होता. काकूचा घास तोंडाशी थांबायचा. गाडी पार लांब गेली की हात खाली यायचा आणि निकाल लागायचा, "बेअरिंग गेलंय. पंधरा दिवस न्हाई काढणार." आमचं अंबडचं घर नेमकं हमरस्त्यावर आहे. त्यामुळे आमच्या घरात कुणाचं वाक्य सहसा पूर्ण होत नसे.

भाऊकाका माझे थोरले काका. मी चौथीत असताना वडील गेले, तेव्हापासून मी त्यांच्याकडेच. त्यांना मूलबाळ नाही. त्यांची शेती आहे आणि एक टर्बो डिझेल जीप आहे. शेतीबद्दल ते क्वचित बोलतात. मला त्यांनी जालन्याच्या इंग्रजी शाळेत घातलं. कशासाठी, ते मला कॉलेज संपल्यावर समजलं. दिल्लीहून आलेला एक कॅटलॉग माझ्यापुढे टाकून ते म्हणाले, "वाच. तुला याच्यासाठीच शिकवलं."

झालं होतं असं, की औरंगाबादच्या एका चौकात शेजारच्या गाडीतून त्यांना 'फिस्स' असा आवाज ऐकू आला होता. तो ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचा आवाज. टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो. चालवणाऱ्याने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की ती हवा कोंडते, आणि ही झडप तिला बाहेर सोडते. भाऊकाका ज्या कामासाठी औरंगाबादला गेले होते ते तसंच टाकून परत आले.

मग सहा महिने निवड चालली. एक व्हॉल्व्ह हवा आवाज करत बाहेर टाकणारा, दुसरा तीच हवा गुपचूप पाइपात परत सोडणारा. "मुका कशाला घ्यायचा?" माझ्याकडे बघत ते म्हणाले. "घरात काय कमी मुके हायेत?" स्प्रिंग कडक की नरम, यावर आलेल्या-गेलेल्याचं मत घेतलं गेलं. मीटर बघायला आलेल्या लाइनमनचंसुद्धा.

कॅटलॉगच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा व्हॉल्व्ह पेट्रोल गाड्यांसाठी आहे. डिझेल गाडीत पाय उचलला तरी हवेची वाट बंद होत नाही, म्हणून तिथे याला कामच नाही. मी ते वाचायला लागले आणि बाहेरून ट्रक गेला. हात वर झाला. मी थांबले. हात खाली आल्यावर ते म्हणाले, "हं, रंग कोणता म्हणालीस?"

"निळा," मी म्हटलं.

याच सहा महिन्यांत त्यांनी माझ्यासाठी मुलगाही पसंत केला. त्या निवडीला एक दुपार लागली. शहागडचे लोक, घरचे ट्रक. भाऊकाकांनी मुलाला एकच प्रश्न विचारला, "लांबून आल्यावर इंजिन लगीच बंद करता का?"

"न्हाई. दोन मिनिटं चालू ठेवतो. टर्बो थंड व्हावा लागतो."

"पोरगं समजदार हाय," भाऊकाका काकूला म्हणाले. चौकशी संपली.

त्या समजदार मुलाला आणि मला पाच मिनिटं ओसरीत बसवलं होतं. जालन्याच्या एका शाळेतून मला नोकरीचं पत्र आलं होतं. तो म्हणाला, "आमच्याकडं बाया नोकरी करत न्हाईत. त्या शाळेला जल्दी कळवून टाका." त्याच संध्याकाळी मी अंगणात गेले. भाऊकाका जीपखाली होते, फक्त पाय दिसत होते. मी त्या पायांना सांगितलं, "काका, मला हे लग्न नको."

"हं. चौदाचा पाना दे."

मी पाना दिला.

व्हॉल्व्ह सलीममिस्त्रींनी बसवला. "भाऊ, ये अपनी गाडी का सामान नहीं है," ते दोनदा म्हणाले. त्यांचंही ऐकलं गेलं नाही. गाडी फिरवून आणली, तर आवाज नाही. भाऊकाकांनी स्वतः स्प्रिंग ढिली केली. मग आवाज आला, पण सायकलच्या ट्यूबमधून हवा जाते तसा, सतत. "खुलून राह्यलाय हळूहळू," ते म्हणाले.

शहागडला सुपारी फोडायला जायच्या दिवशी त्यांनी मला पुढच्या सीटवर बसवलं. काकू दारात आडवी आली. "अहो, सुपारी फोडायला पोरीला घेऊन जातेत का कुठं?"

"ती गाडीसाठी येऊन राह्यली, लग्नासाठी न्हाई. कागद कोण वाचंल?"

वडीगोद्रीच्या अलीकडे गाडीची ताकद गेली, मागे काळा धूर झाला आणि पुढे काहीतरी फटकन सुटलं. व्हॉल्व्हजवळचा पाइप निघाला होता. भाऊकाकांनी बॉनेट उघडलं. व्हॉल्व्हसाठी काढलेला जुना अखंड पाइप गाडीत मागे होताच. ते काम करत होते, मी पाने देत होते.

"त्या कागदात काही लिव्हलंय का याच्याबद्दल?"

"हा डिझेल गाडीसाठी नाही, असं लिहिलंय."

त्यांचे हात थांबले. "मंग सांगितलं का न्हाई?"

"सांगत होते, काका."

रस्त्यावरून एकामागून एक दोन ट्रक गेले. ते माझ्याकडेच बघत होते.

"अजून काय सांगितल्तं तू?"

मी सांगितलं. या वेळी ते मला दिसत होते, म्हणून जास्त अवघड गेलं.  त्यांनी पाइप बसवला, पट्टी आवळली, चावी फिरवली. गाडी पहिल्यासारखी, एकदम साफ चालू झाली.

वडीगोद्रीला एसटीडी बूथसमोर त्यांनी गाडी उभी केली. मी दाराशी उभी राहिले.

"गाडी बंद पडली आमची," ते शहागडला फोन लावून म्हणाले. बाहेर जीप संथ, एका लयीत चालू होती. "न्हाई, तुमची गाडी नका पाठवू. आज न्हाई, उद्या बी न्हाई. आमच्या पोरीला नोकरी लागलीय, तिला जायचंय." पलीकडून बराच वेळ कुणीतरी मोठ्याने बोलत राहिलं. भाऊकाका ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बराबर हाय तुमचं. मला गाडीतलं काही कळत न्हाई. कुणी सांगितलं तर ऐकत बी न्हाई. चूक माझीच हाय."

आम्ही घरी परत आलो. काकूला त्यांनी सांगितलं, गाडीनं दगा दिला. काकू पुष्कळ दिवस गाडीला शिव्या देत होती.

महिनाभरात त्या मुलाचं दुसरीकडे जमलं. मी जालन्याला शिकवते, रविवारी घरी येते. शहागडच्या लोकांनी फोनवरचं ते बोलणं गावभर केलं. कचेरीसमोरच्या हॉटेलात भाऊकाका चहाला बसले की अजून कुणीतरी विचारतं, "काय भाऊ, पोचले का शहागडला? गाडीतलं काही कळत न्हाई म्हणे तुम्हाला?" सगळे हसतात. भाऊकाका बशीत चहा ओततात आणि म्हणतात, "बिलकुल न्हाई कळत."

पाइप अर्ध्या तासात बसला होता, हे मीही आजवर कुणाला सांगितलेलं नाही.