तात्यांचा पूर

आमच्या गावात टँकर आला तर हंडे भरतात. अशा गावात रंभाजीतात्या रोज संध्याकाळी "पूर आला, पूर आला, चला" असं ओरडत गल्लीतून जायचे. एकदा माझे मामा पाहुणे आले होते. ते चपला घालून घाईने ओढा बघून आले. ओढ्यात शेळ्या बसल्या होत्या.

पूर पुठ्ठ्यावरचा होता. तात्यांच्या पुण्याच्या लेकीने एक खेळ पाठवला होता. मधून नदी, एका काठाला घरं, पलीकडे टेकडी. दर चालीला पाणी एक पायरी चढतं. त्याच्या आत चौघांनी मिळून धान्याची पोती टेकडीवर न्यायची. सगळी पोचली तर चौघे जिंकले. एक जरी बुडालं तरी चौघे हरले.

हे आमच्या गावाच्या गळी उतरेना. शेजारच्या पोपटरावांनी आपलं पोतं वर नेलं आणि उठलेच.

"मी जितलो."

"बस खाली," तात्या म्हणाले. "आमी तिघं बुडतोय."

"बुडा की. मी वर हाय."

"वर एकटा काय करशील?"

"निवांत झोपंन."

तात्यांनी त्यांना खेळातून काढलं आणि समोरच्या घरातून मला बोलावून बसवलं. मला चार माणसांत बोलता येत नाही. तात्या म्हणाले, "म्हनूनच. तू भांडायची न्हाईस."

राहिलेले दोघे म्हणजे तात्यांची मुलं, भानुदास आणि किसन. वाटणी झाल्यापासून दोन वर्षं ती एकमेकांशी बोलत नव्हती. अंगणात मधोमध भिंत घातली होती. एकाला दुसऱ्याचं खोरं लागलं तर तात्या भिंतीला वळसा घालून जायचे आणि खोरं घेऊन यायचे. पण बापाने बोलावलं की दोघेही खेळायला यायचे आणि तोंडं दोन दिशांना करून बसायचे.

दिवाळी झाली की दोघांना ऊसतोडीला जायचं होतं, तेही वेगवेगळ्या टोळीत. मग सहा महिने भेट नाही. तात्या मला म्हणाले होते, "टरक यायच्या आत एक शबुद बोलली तरी लई झालं."

खेळात होडी, दोर, पूल अशी पानं हातात असतात. कुणाकडे काय आहे ते विचारावं लागतं. भानुदास मला म्हणायचा, "वहिनी, त्याला इचारा, होडी हाय का." मी किसनकडे नुसती बघायची. किसन मलाच सांगायचा, "न्हाई म्हनावं." तात्या वैतागायचे. "ह्यो पूर हाय का कोरट? वकील कशाला?"

रोज आम्ही बुडायचो.

शेवटच्या संध्याकाळी मात्र एकच पोतं राहिलं आणि पाण्याला एकच पायरी उरली. पूल मिळाला असता तर जिंकलो असतो. भानुदास पुढे सरकला. घाईत त्याला माझी आठवण राहिली नाही.

"किसन्या, पूल हाय का तुज्याकडं?"

"न्हाई रं दादा."

तेवढ्यात मला तात्यांच्या मांडीखाली पुलाच्या पानाचा कोपरा दिसला. मी बघितलं हे त्यांनीही बघितलं. ते म्हणाले, "माज्याकडंबी न्हाई." मी मान खाली घालून माझी पानं बघत राहिले.

पोतं बुडालं.

"तू दोर आधी टाकायचा व्हता," भानुदास म्हणाला.

"तू मागं का थांबलास पर?"

"मग पोती कुनी उचलायची, तुज्या सासऱ्यानं?"

बराच वेळ त्यांचं चाललं होतं. तात्या भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होते.

सकाळी दोन ट्रक आले. एक कोपरगावकडे गेला, एक सांगलीकडे. दोन्ही घरांना कुलपं लागली, तात्या ओसरीवर राहिले. मी तात्यांना भाकरी घेऊन गेले आणि विचारलं, "पूल का लपवला?"

"जितली असती तर तवाच उठली असती. हरली म्हनून भांडत बसली. दोन वर्सांनी भांडली बघ."

त्यांनी भाकरी बाजूला ठेवली आणि पुठ्ठा उलगडला.

"चौघं लागतात ना?" मी म्हणाले.

"दोघांचं तू बोल, दोघांचं मी बोलतो."

पोतं, पाणी, सगळं त्यांनी कालच्यासारखं मांडलं आणि वाट बघत बसले. मी इकडेतिकडे पाहिलं. गल्लीत कुणीच नव्हतं.

"किसन्या," मी म्हणाले, "पूल हाय का तुज्याकडं?"

"हाय की, दादा," तात्या म्हणाले आणि त्यांनी पान नदीवर ठेवलं.